उष्टी भिंत

१

स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप होतं. किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला असायचा, आणि दातवालीचा दिवस त्या जुडग्याच्या आवाजाने सुरू व्हायचा. कपाट उघडायचं, आतून तिच्या वाट्याचं बाहेर यायचं, कपाट पुन्हा बंद. सकाळी उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचं दूध. दुपारी मऊ भात, उकडलेला बटाटा, एखादी फिकी भाजी. संध्याकाळी पुन्हा तेच, फक्त भाजीचा रंग वेगळा. रक्तात साखर दिसली म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं होतं. सासूबाईंनी त्यात आपली भर घातली. आंबट नको, तिखट नको, थंड नको, तळलेलं नको, बाहेरचं तर नकोच नको, आणि पपईचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. एवढं सगळं वजा करून जे उरायचं त्याला घरात ‘पथ्य’ म्हणत. खाणाऱ्याला विचाराल तर ते तोंड दाबून बुक्क्यांचा मार होतं.

दातवाली हे तिचं नाव नव्हे. ती कवळ्या करायच्या कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची, त्यांत प्लास्टर ओतून ती जबड्यांचे साचे काढायची. त्यावरून इमारतीतल्या बायकांनी तिला हे नाव चिकटवलं, आणि नवऱ्यानेही गमतीत तेच उचललं. नवरा चष्म्याच्या दुकानात होता. घरात माणसं तिघंच, आणि तिघांतलं कुणी फारसं बोलायचं नाही.

पूर्वी असं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा घर चांगलं हसतं-बोलतं होतं. तेव्हा तिला पपई खावीशी वाटली. नवऱ्याने गुपचूप आणून दिली, कागदात गुंडाळून, शर्टाखाली लपवून. दोघांनी खिडकीत बसून खाल्ली. पुढच्याच आठवड्यात, पाचव्या महिन्यात, मूल गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाण्याचा काही संबंध नाही, असं होतं कधीकधी. पण सासूबाईंना केराच्या डब्यात साली सापडल्या होत्या. ‘ही कुणी आणली?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवरा समोरच बसून बुटाची नाडी बांधत होता. ती नाडी तो बराच वेळ बांधत राहिला. तो आपणहून सांगेल म्हणून दातवाली गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणून तीच चोर ठरली.

आता पुन्हा दिवस होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, “या खेपेला तुझ्या जिभेपायी काही झालं, तर या घरात तुला जागा नाही.” नवरा तेव्हाही तिथेच होता.

२

भिंतीचं पहिल्यांदा सासूबाईंनीच पाहिलं. झोपायच्या खोलीत पलंगाखालून केर काढताना झाडूबरोबर पांढरी भुकटी आली. वाकून पाहिलं तर पलंगामागच्या भिंतीचा चुना खरवडलेला. तळहाताएवढा तुकडा, आतली वाळू दिसत होती.

“भिंत खातेस?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

“नाही हो, आई.”

“मला काय कळत नाही? पोटुशी बाई माती खाते, खडू खाते, राख खाते. माझी एक बहीण चुलीची माती खायची. पण ती निदान कबूल करायची.”

“खरंच नाही खाल्लं मी.”

“खाई त्याला खवखवे,” सासूबाई म्हणाल्या आणि सुपलीत भुकटी भरून घेऊन गेल्या. नवरा संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याला दाखवायची होती.

दातवालीने पुढे काही वाद घातला नाही, कारण तिच्या मनात एक काटा होता. हल्ली कारखान्यात ओल्या प्लास्टरचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा कुणी बघत नाहीसं पाहून तिने बोट चाटलंही होतं. गार, किरकिरीत, फार बरं वाटलं होतं. मग झोपेत उठून भिंत चाटत असू, तर? माणूस झोपेत चालतं, बोलतं, खाणं काय अशक्य आहे? असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं तिला सोयीचंही वाटलं. घरात एक वेडी असणं परवडतं.

नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी तो तुकडा भिंतीचे खड्डे भरायची लांबी भरून, रंग लावून बुजवला. काम करताना तो शीळ घालत होता. चार दिवसांनी लांबीसकट रंग गायब होता आणि खड्डा दुप्पट झाला होता. आता मात्र तिने नीट पाहिलं. खड्डा जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. तिथे तोंड लावायचं तर पलंगाखाली शिरून पालथं पडावं लागलं असतं. सहावा महिना संपत आलेल्या बाईला साधी चप्पल घालताना नाकी नऊ येत होते.

३

कारखान्यात एक रीत होती. नव्याने कामाला लागलेल्याने पहिलं माप स्वतःच्या तोंडाचं घ्यायचं आणि पहिला साचा स्वतःच्या दातांचा काढायचा. ते साचे फळीवर ओळीने मांडलेले असत. दातवालीचाही होता, खालचा एक दात किंचित आत गेलेला.

सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या तेव्हा ती कशीबशी पलंगाखाली सरकली, कारखान्यातून आणलेली माप घ्यायची पुट्टी मळली आणि भिंतीतल्या खड्ड्यात दाबून धरली. दाताने जिथे कोरलं असेल तिथे पुट्टी दाबली, की दातांच्या कडा जशाच्या तशा उमटतात. पुट्टी घट्ट होईपर्यंत ती कुशीवर पडून राहिली. चोर आपणच आहोत हे एकदाचं सिद्ध व्हावं, असंच तिला मनापासून वाटत होतं.

कारखान्यात तिने ती पुट्टी आपल्या साच्याशेजारी ठेवली. ठेवली आणि हात मागे घेतला. जुळवून पाहायची गरजच नव्हती. पुट्टीवरच्या कडा बारीक होत्या, तांदळाच्या दाण्यांसारख्या, आणि दोन दातांत फटी होत्या. उंदीर असेल, असं ती मनाशी म्हणाली. पण उंदराचे पुढचे दात दोन, इथे ओळ होती. खिळा असेल, चमचा असेल, भिंतीलाच पोपडे आले असतील. रोज दात बघणाऱ्या बाईने स्वतःला किती फसवायचं, यालाही काही मर्यादा असते.

मालकांना सगळे काका म्हणत. ते मागून आले आणि चष्म्यावरून बघू लागले.

“हे काय, पोरांच्या कवळ्या करायला लागलीस की काय? दुधाचे दात आहेत हे.”

“कितीचं असेल हो काका?”

“सुळे पूर्ण आलेत. अडीच-तीन वर्षांचं धर.” त्यांनी पुट्टी उजेडात फिरवली. “गंमत बघ, कडांना झीज अजिबात नाही. एवढं मोठं पोर, पण या दातांनी कधी काही खाल्लेलंच दिसत नाही. कुणाचं माप आहे?”

“ओळखीतलं.”

तिने मनात हिशेब केला. करायचा नव्हता, पण तो झाला. मग ती मागच्या मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली आणि संध्याकाळपर्यंत मान खाली घालून काम करत राहिली.

४

सातवा लागल्यावर तिने रजा घेतली. दुपारी सासूबाई पुढच्या खोलीत आडव्या व्हायच्या, जुडगा उशाखाली ठेवून. दातवाली मागच्या खोलीत एकटी असायची, पडदे ओढलेले, बाहेरच्या रस्त्यावरचा आवाज दबका.

पहिल्यांदा तिला वाटलं, पलीकडे कुणी काम काढलंय. खर्र, खर्र, मग थांबणं, मग पुन्हा खर्र. मग तिच्या लक्षात आलं की त्या भिंतीला पलीकडे नाहीच. ती इमारतीची बाहेरची भिंत होती. पलीकडे नुसती हवा आणि तीन मजले खाली रस्ता. आवाज मात्र भिंतीच्या बुडाशी होता, पलंगाखाली. खरवडणं झालं की जरा वेळाने गिळल्याचा आवाज यायचा. कोरडं गिळताना घशाला जे कष्ट पडतात ते त्यात ऐकू यायचे.

भिंतीला कान असतात म्हणतात, तसं असेल तर त्या भिंतीने तिचं रडणंही ऐकलं असेल. ती भ्यायली होती म्हणून रडली असं नव्हे. कोरडं गिळणं तिला सहन झालं नाही. तिच्या ताटात अर्धा बटाटा उरला होता. तिने तो वाटीत घातला, जरा कुस्करला, वर थोडं दूध ओतलं आणि वाटी पलंगाखाली ढकलली.

आवाज थांबला. बऱ्याच वेळाने तिने पायाने वाटी बाहेर ओढली. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती, कडेला तेवढा चुन्याचा ठिपका होता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती माया, आणि एवढी दाटून आली की तिला उठून बसावं लागलं.

त्यानंतर ती रोज देऊ लागली. त्याच्या आवडीनिवडी तिला कळत गेल्या. भाजी ते मागे ठेवायचं. भाताचं एक शीत उरायचं नाही. अंड्यातलं पिवळं आधी जायचं. तीन वर्षांत हे तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. गेलेल्या मुलाला काय आवडलं असतं असं कुणी विचारत नाही, ते काय खाऊन गेलं एवढंच विचारतात.

भिंत खरवडणं थांबलं. नवऱ्याने पुन्हा लांबी भरली आणि ती टिकली. सासूबाई शेजारणीला अभिमानाने सांगत होत्या, “धाकात ठेवलं की सगळं सुधारतं. आता ताट असं लख्ख येतं की धुवायचं काम नाही.”

दातवालीच्या हातातल्या बांगड्या सैल होत चालल्या होत्या. कपाटाला कुलूप, जादा मागायची सोय नाही, आणि मागितलं तरी कुणासाठी म्हणून सांगणार?

५

एका सुट्टीच्या दुपारी नवरा पलंगावर लोळत पडला होता. ती कपड्यांच्या घड्या करत होती. त्या दिवशी तो समोर असल्यामुळे वाटी द्यायची राहिली होती.

“उंदीर झालेत का गं?” तो म्हणाला.

तिचे हात थांबले. “तुलाही येतोय आवाज?”

तो उठून बसला, मग त्याने गुडघ्यांवर येऊन भिंतीला कान लावला. तसाच थोडा वेळ राहिला. पलंगाखाली त्याने पाहिलं नाही. उठला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“उंदराचं औषध आणतो,” तो म्हणाला.

त्याने औषध आणलं नाही. त्या दिवसापासून पाठ दुखते म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. काय ऐकलं ते तिने विचारलं, तर “मला काही विचारू नकोस” म्हणाला. तिला त्याचा राग आला नाही, किळस आली. आपला नवरा खोटारडा असता तरी चाललं असतं असं तिला वाटलं. हा धड खोटंही बोलत नव्हता, नुसता बाजूला होत होता.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी फीत लावून पोट मोजलं, पुन्हा मोजलं. “बाळाची वाढ थांबल्यासारखी दिसतेय. खाता ना नीट?”

“सगळं खाते,” सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं.

“मग जातं कुठे? असंच राहिलं तर बाळाचं काही खरं नाही. ताटातला प्रत्येक घास तुमच्याच पोटात गेला पाहिजे.”

घरी येऊन ती पलंगाखालची वाटी काढायला जमिनीवर बसली. कुशीवर टेकून आत पाहिलं. वाटी जवळच होती. तिच्या पलीकडे, भिंतीला कपाळ टेकून, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. केस चुन्याने पांढरे झालेले. मान एवढीशी. पाठीची हाडं वर आलेली, आणि ती चावण्याबरोबर हलत होती. तिने वाटी उचलली तशी हालचाल थांबली. मागे वळून न बघताच एक हात मागे आला, तळवा उघडा, लहान मुलं आणखी मागतात तसा.

तिच्या हातातली वाटी रिकामी होती. ती मागे सरकत सरकत दारापर्यंत गेली.

६

दोन तोंडं आणि ताट एक. बाहेरून बघणाऱ्याला यात अवघड काही दिसणार नाही. पोटात आहे ते जगवायचं, नाही ते नाही. दातवालीनेही शेवटी तेच केलं. पण ते करताना आपण एकाच लेकराला दुसऱ्यांदा मारतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हे ज्याला सांगावं असं माणूस त्या घरात नव्हतं.

ती ताट घेऊन पुढच्या खोलीत सासूबाईंसमोर बसून जेवू लागली. घास घशाखाली उतरत नव्हते, तरी उतरवले. मागच्या खोलीत खर्र, खर्र चालायचं. पहिले काही दिवस ते जोरात होतं, लांबीचे ढलपे पडत होते. मग हळू झालं. मग नुसताच कधीतरी एखादा ओरखडा. एका दुपारी तिने कान देऊन पाहिलं तर काहीच नव्हतं.

ती दाराच्या चौकटीला धरून खूप रडली. सासूबाईंनी पाहिलं, पण या दिवसांत बायका रडतातच, म्हणून त्या पुन्हा आडव्या झाल्या.

मग सगळं कसं छान होत गेलं. तिचं वजन वाढलं. बांगड्या घट्ट झाल्या. सासूबाईंनी एक दिवस आपण होऊन कपाटातून जादाचं अंडं काढून दिलं. नवऱ्याची पाठ बरी झाली आणि तो पुन्हा पलंगावर झोपायला आला. भिंत आता नुसती भिंत होती.

पलंगाखाली वाकून बघायचा धीर तिला झाला नाही. उपाशी माणूस एका जागी खायला मिळेनासं झालं की काय करतं, हा विचार एकदा तिच्या मनात आला. तिने तो पुढे जाऊ दिला नाही.

७

आठवा संपता संपता तिघंही तपासणीला गेली. सासूबाईंना बाळाचे ठोके ऐकायचे होते. डॉक्टरीणबाईंनी पोटाला गार चिकट मलम लावलं, यंत्राची दांडी टेकवली आणि आवाज मोठा केला.

ठोके आले. भरभर, गोड, लाकडी जिन्यावरून मूल धावत यावं तसे. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दातवालीने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, आणि तिलाही हसू आलं.

मग ठोक्यांच्या मधून दुसरा आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र. मग गिळल्याचा, पण आताचं गिळणं कोरडं नव्हतं.

“आतड्यांचा असतो असा आवाज,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दांडी थोडी सरकवली. आवाज तिथेही होता. ठोके मात्र मंद झाले. त्यांनी पुन्हा दांडी सरकवली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “सकाळी काय खाल्लंत?”

दातवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता आणि त्याचा चेहरा त्या दुपारी झाला होता तसाच झाला होता. आवाज त्याने ओळखला होता. खोलीत दोनच माणसांना तो आवाज ठाऊक होता.

“सांग त्यांना,” ती म्हणाली.

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “डॉक्टर,” तो म्हणाला, “हिने पुन्हा काहीतरी खाल्लं असणार.”

“मला वाटलंच होतं,” सासूबाई म्हणाल्या.

ठोके आणखी लांब गेले. एक, मग मोठा खंड, मग एक. डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली. दातवालीला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि बोलली, हळू, समजुतीच्या आवाजात, भरल्या खोलीत, सगळ्यांदेखत.

“त्याला नको, सोन्या. ते धाकटं आहे तुझं. मला खा.”

“काय बडबडतेय ही?” सासूबाई म्हणाल्या.

चावणं थांबलं. यंत्रातून नुसती खरखर आली. मग डाव्या बरगडीखाली, आतून, तिला दातांची एक ओळ लागली. बारीक, फटी असलेली, टोकदार. त्या ओळीने जरा चाचपलं आणि मग ती मिटली.

ठोके परत आले. आधी अडखळत, मग भरभर. डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. “आले बघा. छान पडतायत आता.” सासूबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. नवरा दुसरीकडे बघत होता.

“तुम्ही घामाघूम झालात,” डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. “दुखतंय का कुठे?”

“नाही,” दातवाली म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी श्वास रोखून पडून राहिली.